मायजवळची जागा

माय गेली तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गंगाखेडला माझ्या सासरी निरोप आला आणि आम्ही मिळेल त्या बसनं निघालो. ताडकळसच्या अलीकडं आमच्या गावचा फाटा आहे, त्याला लागूनच आमचं शेत. बसमधून उतरले तर रस्त्याकडेच्या उंचवट्यावर माणसं खणताना दिसली. त्यांच्यात माझे वडील, म्हणजे आप्पा, आणि धाकटे काका होते. दोघांनीही सदरे काढून ठेवले होते.

आम्हा लिंगायतांत माणूस गेलं की जाळत नाहीत. अंघोळ घालतात, कपाळाला विभूती लावतात, गळ्यातलं लिंग हातात देतात आणि बसवून मातीत ठेवतात. शेत असलेल्यांना शेतात, नसलेल्यांना गावाबाहेरच्या रुद्रभूमीत. मायसाठी जागा काकांनी निवडली होती. आमची सगळी जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. तेवढा एक उंचवटा मुरमाचा. काका म्हणाले होते, वहिनीला कोरड्यात ठेवायचं.

मायला खाली बसवताना खड्ड्यात काकाच उतरले. आईविना वाढलेला हा दीर तिनं लेकरासारखा सांभाळला होता. तिचं डोकं एका बाजूला कलत होतं, ते त्यांनी किती तरी वेळ दोन्ही हातांनी धरून ठेवलं. जंगम स्वामींचे मंत्र संपले, माती पडली, बेलाची पानं वाहिली. माणसं परतायला लागली तेव्हा आप्पा काकांना म्हणाले, "हिच्या उजव्या अंगाला जागा सोड. ती माझी हाय."

काकांनी शेतातले चार धोंडे उचलून आणले आणि मायच्या शेजारी एक माणूस बसेल एवढ्या जागेच्या चार कोपऱ्यांवर ठेवले.

पुढं काही वर्षांनी दोघा भावांची वाटणी झाली. भांडणातून नाही. मुलं मोठी झाली, घरात माणसं मावेनात, म्हणून झाली. गावातल्या दोन जाणत्या माणसांना घेऊन ते शेतातून फिरले आणि फिरता फिरताच ठरवून मोकळे झाले. विहिरीकडचा भाग आप्पांनी घेतला, कारण त्यांना बागाईताचा नाद. रस्त्याकडचा काकांनी घेतला. मधला धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, दोघांनी मिळून घातला. मायची समाधी काकांच्या भागात गेली. आप्पांनी तेवढं एकदा विचारलं, तर काका उलट त्यांच्यावरच चिडले. "दादा, वहिनीची जागा काय वाटणीत धरायची असती का? ती आपली दोघांची."

आप्पांना हा शब्द पुरेसा होता. तलाठ्याकडं जाऊन दोघांनी आपापले भाग आपापल्या नावावर करून घेतले. समाधीचा किंवा तिथं जायच्या वाटेचा उल्लेख कशातही झाला नाही. कुणाला त्याची गरज वाटली नाही.

दर सोमवारी आप्पा धुऱ्यावरून चालत समाधीपाशी जायचे. मी माहेरी गेले की मलाही न्यायचे. बेल ठेवायचे, पाणी घालायचे, मग त्या चार धोंड्यांच्या मधे मांडी घालून बसायचे आणि बसल्या बसल्या मायला घरचं सगळं सांगायचे. गाय व्याली, माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली, मला शाळेत नोकरी लागली. मला त्या रिकाम्या जागेची कधी भीती वाटली नाही. आप्पांनाही तिचं दुःख नव्हतं. आपली जागा ठरलेली आहे याचं एक समाधानच असावं, तसे ते बसायचे.

मग रस्ता रुंद झाला.

फाट्यावर हॉटेलं आली, पंक्चरची दुकानं आली, खताचं गोदाम आलं. काकांचा मुलगा शेतीत फारसा रमला नव्हता. तो तालुक्याच्या गावी प्लॉटच्या खरेदी-विक्रीत होता. रस्त्याकडच्या जमिनीला काय मोल आलंय हे आमच्या घरात सगळ्यांत आधी त्याला कळलं. काकांनी आपला भाग बक्षीसपत्र करून त्याच्या नावावर केला. त्यात वावगं काही नव्हतं, एकुलता एक मुलगा. मुलानं मोजणी आणली, खुणा रोवून घेतल्या. एक खूण मायच्या समाधीच्या पायथ्याशी आली. काही दिवसांनी सगळ्या भागाला तारेचं कुंपण झालं.

तो श्रावणातला सोमवार होता. आप्पा बेल घेऊन गेले तर वाट बंद. ते तारेच्या बाहेर उभे राहिले आणि हात लांब करून पानं आत टाकायचा प्रयत्न केला. समाधीपर्यंत ती पोचली नाहीत. माझा धाकटा भाऊ विहिरीवर होता, त्यानं हे पाहिलं आणि मला फोनवर सांगितलं.

आप्पा थेट काकांच्या घरी गेले. दोन्ही घरांच्या मधे एकच भिंत आहे. त्या भिंतीला पूर्वी एक दार होतं. काकांनी मुलाला समोर बोलावलं. मुलगा नम्रपणे बोलला. त्याचं म्हणणं, समाधीला तो हात लावणार नव्हता. पण प्लॉट पाडायचे तर मधोमध समाधी आणि तिला जायची वाट कोण ठेवून घेणार? ती गावाजवळच्या रुद्रभूमीत नेऊ, सगळा विधी व्यवस्थित करू, खर्च तो करील. आप्पांनी काकांकडं पाहिलं. काका जमिनीकडं बघत होते.

"तू बोल," आप्पा म्हणाले.

"मी काय बोलू दादा," काका म्हणाले. "सगळं त्याच्या नावावर हाय."

त्या दिवशी आप्पा त्यांच्या घरातून जे उठले ते पुन्हा तिथं गेले नाहीत. भिंतीतलं दार दोन्हीकडून बंद झालं आणि नंतर आमच्या भावानं ते विटांनी बुजवलं.

आप्पांनी तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. समाधीची जागा आणि तिथं जायची वाट दोन्ही घरांची सामायिक आहे, ती आम्हाला मोकळी करून मिळावी, एवढीच मागणी. प्रतिवादी म्हणून काका आणि त्यांचा मुलगा. ज्या माणसानं आयुष्यात कधी कुणाविरुद्ध तक्रार दिली नाही, त्यानं सख्ख्या भावाचं नाव दाव्यात लिहून दिलं.

मग तारखा सुरू झाल्या. काकांचा मुलगा मोटारसायकलवर पुढं निघून जायचा. काकांची कंबर दुखायची, त्यांना मोटारसायकलवर बसवत नव्हतं. त्यामुळं तारखेच्या दिवशी दोघं भाऊ फाट्यावर एकाच एसटीची वाट बघत उभे असायचे. एक रस्त्याच्या या बाजूला, दुसरा हॉटेलच्या पत्र्याखाली. बस आली की एक पुढं बसायचा, एक मागं. एकदा मीही आप्पांबरोबर होते. कोर्टाच्या आवारात उन्हानं त्यांना भोवळ आली. मी त्यांना झाडाखाली बसवलं. थोड्या वेळानं चहावाला आला आणि न मागवता चहा, बिस्किटं ठेवून गेला. मी मान वळवून पाहिलं तर काका टपरीपाशी पाठ करून उभे होते. आप्पांनी चहा घेतला. कुणी पाठवला हे त्यांनी विचारलं नाही.

शेवटी कोर्टानं तात्पुरता हुकूम दिला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्या जागेची परिस्थिती जैसे थे ठेवावी. कुणी काही बांधू नये, खोदू नये, बदलू नये. सोमवारपुरतं आप्पांना पूजेला जाऊ द्यावं.

आप्पा हे सांगायला खास गंगाखेडला आले. येताना पेढे आणले होते. मी शाळेतून येईपर्यंत ते पायरीवरच बसून होते. मला बघताच म्हणाले, "तुझ्या मायजवळ आता कोणी कुदळ लावू शकत न्हाई. कोर्टानं लिहून दिलंय." त्या दिवशी ते जेवायला बसले तर दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना एवढं खूश पाहिलं नव्हतं.

ते गेले भाद्रपदात, एका रविवारी सकाळी. रात्रीपर्यंत ठीक होते. पहाटे उठून गोठ्यात गेले आणि तिथंच बसले. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. मी पोचले तेव्हा त्यांना अंघोळ घालून, विभूती लावून भिंतीला टेकवून बसवलं होतं. गळ्यात झेंडूचा हार होता. हात मांडीवर. देवापुढं बसावं तसे दिसत होते.

भाऊ आणि गावातली चार माणसं पाट्या, कुदळी घेऊन समाधीकडं गेली होती. मी घरात बायकांमध्ये बसले होते. तेवढ्यात ती सगळी परत आली. कुदळींना माती लागलेली नव्हती.

काकांचा मुलगा कुंपणाच्या दारात उभा होता. त्यानं भावापुढं हात जोडले आणि म्हणाला की इथं खोदता येणार नाही, कोर्टाचा हुकूम आहे. भावानं त्याची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं. कुणीतरी पोलिसांना फोन केला. जमादार आले, त्यांनी हुकूम वाचला, पुन्हा वाचला. भले माणूस होते. टोपी काढून म्हणाले, "यात खोदू नये असं साफ लिहिलंय. मी काय करू? दोन्हीकडची राजी असली तर मी बघितलंच न्हाई म्हणून निघून जातो."

भावानं वकिलांना फोन लावला. त्यांचंही तेच. रविवार, कोर्ट बंद. उद्या अर्ज करू, परवानगी मिळेलही, पण समोरच्यांनी विरोध केला तर वेळ लागेल. आप्पांना तोवर ठेवणार कसं? पावसाळी हवा, दमट.

तेव्हा मी उठले. काकांचा मुलगा आता त्यांच्या अंगणात येऊन थांबला होता, मी त्याच्याकडं गेले. लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन फिरले होते, मला तो अक्का म्हणतो. मी त्याला काही दूषण दिलं नाही. म्हटलं, त्यांची जागा तिथं ठरलेली आहे, तुझ्या वडिलांनीच ठरवली, आजच्या दिवस वाट सोड.

त्याचे डोळे लाल झाले होते. "अक्का, मी काकांचा वैरी न्हाई," तो म्हणाला. "पण वकील म्हणतेत, तिथं दुसरी समाधी झाली की तुमचा ताबा सिद्ध झाला. मग प्लॉटसाठी लोकांना दिलेल्या शब्दाचं काय करू? आन हुकूम मी न्हाई आणला. काकांनीच आणला."

ते खरं होतं. मायला कुणी हलवू नये म्हणून आप्पांनी जे मिळवलं, त्यातच ते अडकले होते.

मी काकांच्या घरात गेले. ते खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. पलीकडं, त्याच भिंतीला टेकवून, आप्पांना बसवलेलं होतं. मी पायाशी बसले. म्हटलं, "काका, तुमी एकदा म्हणा. तुमी म्हणलं तर तो ऐकल."

ते उठून बसले. बाहेर जाऊन मुलाशी बोलले, हे मी ओट्यावरून पाहिलं. काका बोलत होते, मुलगा नकारानं मान हलवत होता. मग मुलगा बोलला, काका ऐकत राहिले. परत आले तेव्हा दाराची चौकट धरून उभे राहिले.

"माय," ते मला म्हणाले. लहानपणापासून ते मला असंच म्हणत. "माझ्या नावावर एक ढेकूळ सुदिक न्हाई. मी कोणाच्या जोरावर म्हणू?"

आता वेळ जात होता. भाऊ म्हणाला, आपल्या भागात ठेवू, विहिरीजवळ. आप्पांना ती जागा आवडायची. माणसं तिकडं गेली, खोदायला लागली. मीही गेले. पाऊस नव्हता, पण जमीन आधीच भरलेली होती. कमरेइतकं खोदलं असेल, तर कडांमधून पाणी पाझरायला लागलं. एकानं ते पाटीनं उपसलं. उपसलं की पुन्हा यायचं. थोडं सरकून दुसरीकडं खोदलं, तिथंही तेच. भाऊ खड्ड्याच्या काठावर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "पाण्यात कसं बसवू त्यांना," एवढंच म्हणत होता.

स्वामी म्हणाले, रुद्रभूमीत चला. तिथं सगळे आपलेच आहेत.

आप्पांना गावाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. फाट्याच्या बरोबर उलट्या दिशेला. बाजूला कुणाची समाधी आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्या घरचं तिथं कुणीच नव्हतं. काका सगळ्यांच्या मागून चालत आले होते. कुणी त्यांना ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. खड्डा तयार झाल्यावर आत कोण उतरणार असा प्रश्न आला. भावाच्या अंगात तेवढं बळ उरलं नव्हतं. गर्दीतून काका पुढं आले, सदरा काढला आणि उतरले. त्यांनी आप्पांना खांद्याला धरून बसवलं, पाठ सरळ केली, हातात लिंग नीट ठेवलं. मग त्यांना वर येता येईना. त्यांच्या मुलानंच हात देऊन वर काढलं.

दावा आप्पांबरोबर संपला नाही. वारस म्हणून भावाचं आणि माझं नाव लागलं. लेकीचाही हक्क असतो, म्हणून मलाही तारखांना जावं लागायचं. काका आता यायचे नाहीत. दोन्हीकडची चिडही हळूहळू विझली. लोक अदालतीत तडजोड झाली. समाधीभोवतीचा एक लहानसा तुकडा सामायिक, त्याला कडेनं पायवाट, बाकीवर आमचा काही दावा नाही. ज्याच्यासाठी आप्पांनी चपला झिजवल्या ते सगळं त्या कागदात होतं. काकांच्या मुलानं काहीही अडवलं नाही. सह्या झाल्यावर तो आणि माझा भाऊ कोर्टाबाहेर एकत्र चहा प्याले. माझ्यासाठीही मागवला. मी दोघांकडं बघत राहिले. दोघांचे केस पांढरे व्हायला लागले होते. भांडायला आता काही उरलेलं नव्हतं.

येताना भाऊ म्हणाला, आता आप्पांना तिकडं नेता येईल, परवानगी काढू. आम्ही स्वामींना विचारलं. ते म्हणाले, मातीत बसलेल्याला उठवू नये. शास्त्र मला कळत नाही, पण मलाही ते नको होतं. मायला कुणी उठवू नये म्हणूनच तर आप्पा भांडले होते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काकांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले. काकू गेलेल्या, सून करायची सगळं. ते क्षीण झाले होते, पण बोलत होते. म्हणाले, मुलगा म्हणतोय की तुम्हाला त्या सामायिक जागेत ठेवतो, वहिनीजवळ.

"मी न्हाई म्हणलं," काका म्हणाले. "ती जागा दादाची. मला दादाजवळ ठेवा. तिकडं कोणीच न्हाई त्याच्यापाशी."

मी त्यांचा हात धरला. खूप दिवसांनी धरला होता.

मुलानं त्यांचं ऐकलं. काका आता रुद्रभूमीत आप्पांच्या शेजारी आहेत. भावानं आणि काकांच्या मुलानं मिळून तिथं दोघांसाठी एकच ओटा बांधून घेतलाय. दोघं भाऊ पुन्हा एका जागी आले, याचं बरं वाटतं. तरी तिथं उभी राहिले की माझं मन फाट्याकडं धावतं.

फाट्यावर आता घरं झालीत. मायची समाधी दोन कुंपणांच्या मधे आहे. पायवाट आहे, पण तिच्यावर कुणाची तरी वाळू पडलेली असते, कुणाची मोटारसायकल लावलेली असते. बोललं की बाजूला घेतात. गेल्या श्रावणात गेले तर गवत गुडघ्याएवढं वाढलेलं. मी ते उपटलं. पाणी हवं होतं म्हणून शेजारच्या घराचं दार वाजवलं. नवीन लग्न झालेली मुलगी बाहेर आली, तिनं बादली भरून दिली आणि कुंपणापाशी उभी राहून बघत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, ही कुणाची समाधी. मी म्हटलं, माझ्या मायची.

"आणि वडील?" ती म्हणाली.

मी गावाकडं हात केला. म्हटलं, तिकडं. लांब.

ती बादली घेऊन आत गेली. मी उरलेली पानं वाहिली, शेजारच्या मोकळ्या जागेतलंही गवत काढलं आणि परतीच्या बससाठी रस्त्यावर येऊन उभी राहिले.